एक्स-रे काढणारी ताई व्हायचं असेल तर



आम्ही शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांचं समन्वयाचं काम करतो. बैठकीत हप्ते, कर्ज, वह्या असं सगळं आटोपलं, की बोलणं हमखास मुलींच्या शिक्षणावर येतं. नर्सिंग, डीएड, पोलीस भरती ही नावं आता सगळ्यांना पाठ झालीत. अलीकडे आणखी एक प्रश्न वारंवार येतो. "ताई, ते एक्स-रे आणि सीटी स्कॅन काढायचं शिकवतात, तो कोर्स कसा आहे? पोरीला घालावं का?" आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे.

उत्तर आधीच सांगतो. शिक्षण चांगलं आहे आणि आपल्या मुलींना जमण्यासारखं आहे. पण फी भरण्याआधी चौकशी झाली नाही, तर घरचे पैसे आणि पोरीची उमेदीची वर्षं, दोन्ही वाया जाऊ शकतात. म्हणून काम काय असतं, शिक्षण कुठलं घ्यायचं, किरणांची भीती किती खरी आणि चौकशी कशी करायची, हे एकेक करून पाहू.

काम नेमकं काय?

हाताच्या पंजामागे बॅटरी धरली की बोटं लालसर दिसतात, हे आपण लहानपणी करून पाहिलेलं असतं. थोडा उजेड मांसातून पार येतो. एक्स-रेचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते याहून कितीतरी जास्त आरपार जातात. हाडात कॅल्शियम असतं, ते किरणांना बरंच अडवतं, म्हणून हाड पांढरं दिसतं. फुफ्फुसात हवा असते, ती फारसं अडवत नाही, म्हणून फुफ्फुस काळं दिसतं. त्या काळ्या जागेत पांढरट डाग दिसला, की डॉक्टरांना न्यूमोनियाची किंवा टीबीची शंका येते.

जर्मनीतल्या रॉन्टगेन नावाच्या शास्त्रज्ञाला हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी सापडले. काही आठवड्यांनी त्याने आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला. त्यात हाडं दिसली आणि बोटातली अंगठीही दिसली. पुढे १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं.

या कामात बायका नव्याने आल्या असं कुणी म्हणालं, तर मेरी क्युरीची गोष्ट सांगा. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा तिने मोटारगाड्यांमध्ये एक्स-रेची यंत्रं बसवून त्या जखमी सैनिकांपर्यंत नेल्या. यंत्र चालवायला माणसं कमी पडायला लागली, तेव्हा सुमारे १५० बायकांना तिने हे काम शिकवलं. तिच्याबरोबर तिची मुलगी इरेनही होती, आणि युद्ध सुरू झालं त्या वर्षी ती सतरा वर्षांची होती. म्हणजे आपल्याकडे बारावीला बसते त्या वयाची.

आता एक फरक नीट लक्षात ठेवा. फोटो पाहून आजार ओळखतो आणि रिपोर्टवर सही करतो, तो रेडिओलॉजिस्ट. तो एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर असतो. रुग्णाला यंत्रासमोर नीट उभं करून योग्य फोटो काढते, ती रेडिओलॉजी टेक्नॉलॉजिस्ट. मराठीत क्ष-किरण तंत्रज्ञ. आज आपण बोलतोय ते या दुसऱ्या कामाबद्दल.

"बटण दाबायला काय शिकायचं?" असं एका बैठकीत एका काकूंनी विचारलं होतं. छातीचा साधा एक्स-रे घ्या. रुग्णाची छाती प्लेटला टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. खांदे पुढे का? तसं केलं की पाठीची फरी बाजूला सरकते आणि फुफ्फुसावर तिची सावली पडत नाही. "मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा" असं का सांगतात? फुफ्फुस भरलं की जास्त भाग दिसतो, आणि माणूस हलला की फोटो पुसट येतो. मंगळसूत्र काढायला लावतात, कारण धातू किरण अडवतो. जाड वेणी खांद्यावरून पुढे आली असेल, तर तिचीही सावली फुफ्फुसावर येते आणि उगाच डागाची शंका घेतली जाते. कोणत्या अंगाला किती किरण द्यायचे, हे माणूस जाड की बारीक, लहान मूल की म्हातारं, यावर ठरतं. डावी-उजवी बाजू दाखवणारी खूण विसरली, तर डॉक्टरचा घोटाळा होऊ शकतो. आणि फोटो बिघडला की पुन्हा काढावा लागतो, म्हणजे रुग्णाच्या अंगावर दुसऱ्यांदा किरण जातात. पहिल्याच वेळी फोटो नीट यावा, यासाठीच हे सगळं शिक्षण.

आपल्या भागात या कामाला तोटा नाही. पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर रस्त्यांवरचे अपघात, ऊसतोडीत दुखावलेले हात-पाय, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांतल्या कामगारांची तपासणी, टीबीचे संशयित रुग्ण. या सगळ्यांना एक्स-रे लागतोच.

बाईच तिथे का हवी?

आपण स्वतः आठवून पाहू. छातीच्या एक्स-रेला ब्लाउज काढून गाऊन घालायला सांगितलं आणि समोर परका पुरुष असला, की आपण अंग चोरतो. नीट उभं राहत नाही, आणि मग फोटो बिघडतो. स्तनाची तपासणी करणारी मॅमोग्राफी तर बाई टेक्नॉलॉजिस्ट नाही म्हणून कित्येकजणी पुढे ढकलतात.

याहून मोठी गोष्ट म्हणजे गरोदरपणाचा प्रश्न. मूल जन्माला येऊ शकेल अशा वयाच्या प्रत्येक बाईला पोटाच्या किंवा कमरेच्या एक्स-रेआधी विचारायचं असतं, "पाळी कधी आली होती? दिवस गेल्याची शक्यता आहे का?" आता सासरा किंवा दीर शेजारी उभा असताना नवी सून याचं खरं उत्तर देईल का? शिकलेली ताई तिला बाजूला घेऊन हळूच विचारते. दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना सांगून तपासणी पुढे ढकलता येते किंवा दुसरा मार्ग शोधता येतो.

सोनोग्राफीबद्दलही इथेच सांगतो. सोनोग्राफीत एक्स-रे नसतात, ध्वनिलहरी असतात. पण गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायदा केला. त्याप्रमाणे गरोदर बाईची सोनोग्राफी फक्त पात्र डॉक्टरच करू शकतो, आणि ती सुद्धा नोंदणी झालेल्या केंद्रातच. "सोनोग्राफी पण शिकवू, मग स्वतःचं सेंटर टाक" असं कुणी मुलीला सांगत असेल, तर तिथून उठून या. त्यात तुरुंगवास आहे.

शिक्षण कोणतं आणि कुठून?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हा निर्णय बारावीनंतर घ्यायचा नसतो, दहावीनंतरच घ्यायचा असतो. या शिक्षणाला अकरावी-बारावी सायन्स लागतं, त्यातही फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी. आपल्याकडे कित्येक मुली हुशार असूनही आर्ट्सला जातात, कारण आर्ट्सचं कॉलेज जवळ असतं आणि क्लासचा खर्च नसतो. आम्ही स्वतः बीए झालेल्या आहोत, त्या शिक्षणाला आम्ही कमी लेखत नाही. पण त्या रस्त्याने गेलेल्या मुलीला पुढे या खोलीचं दार उघडत नाही. म्हणून मुलगी नववी-दहावीत असतानाच विचार करा.

बारावीनंतर दोन मुख्य वाटा आहेत, पदवी आणि पदविका. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. त्याच्या संलग्न महाविद्यालयांत बीपीएमटी नावाची पदवी असते, तिच्यात रेडिओग्राफी ही शाखा आहे. काही अभिमत विद्यापीठांत इमेजिंग टेक्नॉलॉजीची बीएस्सी असते. पदविकेचे अभ्यासक्रमही आहेत. कुठल्या कॉलेजात यंदा किती जागा आहेत आणि प्रवेश कशावर आहे, हे दरवर्षीच्या माहितीपत्रकात पाहायचं. शेजारणीच्या मुलीला तीन वर्षांपूर्वी जो नियम होता, तो आज असेलच असं नाही.

तासांचा हिशेबही समजून घ्या. केंद्र सरकारने २०२१ साली अशा आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला आणि राष्ट्रीय आयोग नेमला. या कायद्यात रेडिओलॉजी आणि इमेजिंगचं काम येतं. कायदा म्हणतो की सहयोगी आरोग्य व्यावसायिकाचं शिक्षण किमान २००० तासांचं हवं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं. त्यावरच्या, आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवल्या जाणाऱ्या गटाची पदवी किमान ३६०० तासांची हवी, तीन ते सहा वर्षांत. आता भिंतीवरची ती जाहिरात आठवा, "सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन, शंभर टक्के नोकरी". सहा महिन्यांत सुट्टी न घेता रोज आठ तास शिकवलं, तरी दीड हजारसुद्धा तास होत नाहीत. हा हिशेब आपल्या गटाच्या वहीवरही करता येतो.

अभ्यासात पहिल्यांदा शरीररचना, शरीराचं काम आणि फिजिक्स असतं. मग यंत्रांची माहिती, रुग्णाला उभं करण्याच्या आणि झोपवण्याच्या पद्धती, किरणांपासून संरक्षण, सीटी स्कॅन, एमआरआय. बरोबरीने हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम असतं आणि त्याची नोंदवही ठेवावी लागते. हे शिक्षण घरबसल्या किंवा नुसत्या मोबाइलवर होत नाही. रुग्णाला हात देऊन टेबलावर घेणं मोबाइलवर कसं शिकणार?

एमआरआयचं एक सांगायला हवं. त्यात एक्स-रे नसतात, पण फार जबरदस्त चुंबक असतं आणि ते चोवीस तास चालू असतं. २०१८ साली मुंबईतल्या एका रुग्णालयात एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढून घेतलं आणि त्याचा जीव गेला. कोणाला काय घेऊन आत सोडायचं, हे ठरवणारा शिकलेला माणूस दारात असणं किती गरजेचं आहे, ते यावरून कळतं.

भीती किती खरी?

बैठकीत हा प्रश्न मोठ्याने कुणी विचारत नाही, नंतर कोपऱ्यात घेऊन विचारतात. "त्या मशीनवर काम केलं की मूल होत नाही म्हणे. लग्न कसं जमायचं?"

किरणांचा धोका खोटा नाही. जास्त प्रमाणात ते शरीराला इजा करतात, म्हणूनच तर नियम आहेत. पण यंत्र हे दिव्यासारखं असतं. बटण बंद केलं की किरण बंद. खोलीत, भिंतीत, रुग्णाच्या अंगात काही उरत नाही. बटण दाबताना टेक्नॉलॉजिस्ट आडोशामागे उभी असते. कधी रुग्णाजवळ थांबावंच लागलं, तर शिसं असलेला एप्रन घालते. अंतर हाही मोठा बचाव आहे. दुप्पट लांब उभं राहिलं की किरण निम्मे नाही, चौथा हिस्सा होतात.

किरण मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, आकाश, हवा यांतून जगातल्या प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. छातीच्या एका साध्या एक्स-रेत रुग्णाला मिळतात ०.०२ ते ०.१, म्हणजे निसर्गातून तीन ते पंधरा दिवसांत मिळतात तेवढेच. सीटी स्कॅनमध्ये याच्या कितीतरी पट जास्त असतात, म्हणून तो गरजेशिवाय काढायचा नसतो.

काम करणाऱ्यांसाठी मर्यादा ठरवते अणुऊर्जा नियामक मंडळ. हे केंद्र सरकारचं मंडळ मुंबईत आहे, १९८३ सालचं. पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा आहे. अठरा वर्षांखालच्या कुणालाही या कामावर ठेवता येत नाही. कामावरच्या बाईने गरोदर असल्याचं कळवलं, की पोटातल्या बाळाला उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळता कामा नये, असं काम तिला द्यावं लागतं. म्हणून दिवस गेलेत हे लपवायचं नाही, लगेच लेखी कळवायचं.

किती किरण अंगावर आले हे कळतं कसं? त्यासाठी टीएलडी बिल्ला असतो. तो छातीशी, एप्रनच्या आत लावायचा. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि मोजणी होऊन आकडा येतो. हा बिल्ला मैत्रिणीला उसना द्यायचा नाही आणि एक्स-रेच्या खोलीत टांगून ठेवायचा नाही. नोकरीला गेलेल्या मुलीने पहिल्या दिवशी पगाराबरोबर हेही विचारावं, "माझ्या नावाचा बिल्ला कधी मिळणार? मागच्या मोजणीचा आकडा मला दाखवणार ना?" जिथे बिल्ला देत नाहीत, एप्रन फाटका आहे, आडोसा नाही, तिथे भीती खरी आहे. तिथलं काम नाकारायचं.

फी भरण्याआधी

आमच्या भागातल्या एका गटातल्या बाईने मुलीच्या अशाच कोर्ससाठी गटातून ४०,००० रुपये उचलले. कोर्स सहा महिन्यांचा होता आणि प्रमाणपत्र रंगीत, सोनेरी शिक्क्याचं. मुलगी मुलाखतींना गेली, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "विद्यापीठ कोणतं? किती तास? नोंदणी कुठे?" यातलं एकही उत्तर त्या कागदावर नव्हतं. आज ती मुलगी एका सेंटरमध्ये बाहेर बसून नावं लिहून घेते. यंत्राच्या खोलीत तिला जाता येत नाही. आई अजून हप्ते फेडते. ती मुलगी हुशार आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं.

असं पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही आता कर्जाचा अर्ज आला की या गोष्टी विचारतो. तुम्हीही लिहून घ्या.

एक, हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा किंवा शासनमान्य मंडळाचा आहे? कॉलेजच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कॉलेजचं आणि कोर्सचं, दोन्हींची नावं पाहा. कॉलेज मान्य असतं, पण तो एक कोर्स मान्य नसतो, असंही असतं.

दोन, एकूण तास किती आणि किती वर्षं?

तीन, प्रत्यक्ष काम कोणत्या हॉस्पिटलमध्ये? तिथे एकदा स्वतः जाऊन या. यंत्र आहे का, चालू आहे का, विद्यार्थी दिसतात का?

चार, शिक्षण संपल्यावर परिषदेकडे नोंदणी होते का? मागच्या तुकडीतल्या दोन मुलींशी बोला आणि त्यांचं नोंदणी प्रमाणपत्र पाहा.

पाच, प्रत्येक रुपयाची पावती. मूळ दाखले कुणी ठेवून घेत असेल तर देऊ नका, झेरॉक्स द्या.

पैशाचं काय?

गटाचं अंतर्गत कर्ज साधारण महिन्याला शेकडा २ रुपयांनी असतं. ४०,००० ला महिन्याला ८०० रुपये व्याज, वर्षाला ९,६००. आणि हप्ता लगेच सुरू होतो, मुलगी अजून शिकत असते. बँकेच्या शैक्षणिक कर्जात मुद्दलाची फेड साधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होते, आणि ४ लाखांपर्यंत तारण मागायचं नसतं. म्हणून मोठी फी बँकेकडून, आणि गटाचं कर्ज पुस्तकं, प्रवास, एप्रन अशा किरकोळ खर्चापुरतं. बँका मान्यता नसलेल्या कोर्सला सहसा कर्ज देत नाहीत. बँकेने नकार दिला, तर रागावण्याआधी कारण विचारा.

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये मुलींच्या व्यावसायिक शिक्षणासाठी मोठा निर्णय घेतला. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल, तर आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांना हे लागू नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती वेगळ्या आहेत. आपला कोर्स कशात बसतो, ते प्रवेश घेण्याआधीच कॉलेजमध्ये विचारा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला दहावीच्या सुट्टीतच तहसीलमधून काढून ठेवा. जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते.

प्रवासाचं म्हणाल तर दौंड, केडगाव, यवतच्या मुलींना पुण्याला रेल्वेचा पास आहे, दौंडहून बारामतीलाही गाडी जाते. शिरूरकडे रेल्वे नाही, एसटीच. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे. पण हॉस्पिटलची पाळी कधी सकाळी सातची असते, कधी रात्रीची. त्यामुळे वसतिगृहाचा खर्च आधीच हिशेबात धरा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटातल्या किती घरांत आठवी ते दहावीतली मुलगी आहे, ते वहीच्या मागच्या पानावर लिहून काढा. त्यातल्या कुणाला गणित-विज्ञान आवडतं, तेही विचारा. आणि असा कोर्स शोधलेली एखादी आई असेल, तर पैसे देण्याआधी ती जाहिरात किंवा माहितीपत्रक बैठकीत आणायला सांगा. पाच प्रश्न सगळ्यांनी मिळून विचारू. एकट्या आईला संस्थाचालकासमोर बोलायला संकोच वाटतो. दहाजणी बरोबर असल्या की वाटत नाही.